फाइल दुसरीकडे उघडी आहे

"मास्तर, ही वाजत नाहीये हो," दारातून आवाज आला, आणि बोलतंय कोण ते मास्तरला क्षणभर कळेचना. शब्द बाईंचे होते, 'हो' लांबवायची लकब बाईंची होती, पण आवाज मात्र भलत्याच कुणाचा तरी, खरखरीत, अर्धा वाऱ्यावर गेलेला. तो खुर्चीतून अर्धवट उठला. दारात बाईच होत्या. खांद्याला मोठी पिशवी, गळ्याभोवती स्कार्फ, आणि आत्ताच कुणाची तरी फिरकी घेऊन आल्यासारखं ते नेहमीचं हसू. आजारपणानंतर त्या आज पहिल्यांदाच ऑफिसात आल्या होत्या, आणि शेवटच्याच. दुपारच्या गाडीने त्या भावाकडे राहायला चालल्या होत्या, कायमच्या. जाण्याआधी आपल्या रेकॉर्डिंगची एकेक प्रत नेऊ का, असं त्यांनी साहेबांना विचारलं होतं, आणि साहेबांनी स्वतःच्या स्वभावाला अजिबात न शोभणारा मोठेपणा दाखवून त्यांना बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरसमोर बसवून दिलं होतं. मास्तरला हे सकाळीच कळलं होतं. म्हणून तर हा बहाद्दर सकाळपासून स्वतःच्या खोलीचं दार लोटून बसला होता. "कुठली वाजत नाहीये?" त्याने विचारलं. "रद्दच्या फोल्डरमधली. लिफ्टच्या कामाची, न कापलेली," बाई म्हणाल्या. "बाकी सगळ्या वाजतात. हीच एक म्हणते, वाजवता येत नाही, फाइल दुसरीकडे उघडी आहे." मास्तरचा हात टेबलावरच्या हेडफोनकडे गेला.

जाणारच. कारण ती फाइल दुसरीकडे म्हणजे कुठे उघडी आहे, ते सबंध जगात त्या एकट्याला ठाऊक होतं. ती त्याच्याच टेबलावर उघडी होती. मघाशी तो हेडफोन लावून ऐकत बसला होता, साहेबांनी हाक मारली म्हणून त्याने फाइल थांबवली, पडद्यावरची खिडकी खाली ढकलली आणि गेला. थांबवली, बंद नाही केली. आणि त्यांच्या ऑफिसातलं ते आवाज कापायचं जुनं सॉफ्टवेअर असं होतं की फाइल एकदा आत घेतली की आतून कडी. थांबवली तरी कडी लागलेलीच. दुसऱ्या कुणाला ती वाजवता येणार नाही की तिची प्रत काढता येणार नाही. ही सोय साहेबांनी मुद्दाम करून घेतली होती; पूर्वी एकदा दोघांनी एकाच वेळी एकच निवेदन कापायला घेतलं, आणि एका बँकेचा फोन बरेच दिवस लोकांना नुसतंच 'कृपया, कृपया' म्हणत राहिला. तेव्हापासून जो फाइल उघडेल तिच्यावर त्याचाच हक्क. दिवसातून चारदा मास्तर कुणाला ना कुणाला हेच समजावून सांगायचा: बाबांनो, पॉज म्हणजे सोडणं नव्हे, काम झालं की बंद करत जा. आणि आता स्वतःच तोंडघशी पडला होता. "बघतो," असं काहीतरी पुटपुटत तो बाईंच्या मागोमाग बाहेर आला, आणि येताना त्याने आपल्या खोलीचं दार कारण नसताना घट्ट ओढून घेतलं.

तो काही शिकवणारा मास्तर नव्हता. रेकॉर्डिंगच्या खोलीत काचेअलीकडे बसायचं, काचेपलीकडच्या माणसाचं बोलणं भरून घ्यायचं, मग त्यातले श्वास, खोकले, अडखळणं कापून टाकायचं, हे त्याचं काम. बोलणं बिघडलं की बटण दाबून तो म्हणायचा, "पुन्हा म्हणा." दिवसभर बिचाऱ्याच्या तोंडी तेवढेच दोन शब्द. त्यावरून बाईंनीच त्याला मास्तर करून टाकला. बाईंना तर सगळे आधीपासून बाईच म्हणत, मग काय, बाई आणि मास्तर एकत्र खोलीत शिरले की साहेबांपासून सगळे विचारायचे, "भरली का शाळा?" बाई काचेपलीकडून जीभ काढून दाखवायच्या. त्यांचा आवाज शहरभर पसरला होता: बँकांच्या फोनवर, दवाखान्यांतल्या रांगांवर, लिफ्टमध्ये. सांगायचं म्हणजे अगदी समजूतदार आवाज, शेजारची थोरली बहीण सांगते आहे असा वाटणारा. आणि त्या लिफ्टच्या कामाच्या दिवशी त्या समजूतदार आवाजाला काय झालं कोण जाणे. म्हणायचं होतं, 'दार बंद होत आहे. कृपया दारापासून दूर उभे राहा.' बाई अगदी गंभीरपणे म्हणाल्या, 'दार दूर होत आहे. कृपया बंद उभे राहा.' मास्तर म्हणाला, "पुन्हा म्हणा." त्या पुन्हा तेच म्हणाल्या. मग त्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग दाबलेलं, मग दाबायचं सोडून दिलेलं, डोकं मागे टाकून, कागद हातातून पडेपर्यंत. मास्तर काचेअलीकडे बसून ते भरून घेत राहिला. बटणावर बोट होतं, पण 'पुन्हा म्हणा' म्हणायचं त्याला सुचलं नाही. नंतर कापाकापी झाली, निवेदन शहाणंसुरतं होऊन लिफ्टमध्ये गेलं, आणि न कापलेली फाइल नियमाप्रमाणे पुसून टाकायची ती त्याने रद्दच्या फोल्डरमध्ये ठेवून दिली. का ठेवली, हे त्याने स्वतःलाही विचारलं नाही.

बाहेरच्या खोलीत तो बाईंच्या बाजूची खुर्ची ओढून बसला. पडद्यावर ती सूचना होतीच, आणि सूचनेच्या खाली एक बारकं बटण होतं: 'अधिक माहिती'. ते दाबलं की फाइल कुठल्या टेबलावर उघडी आहे ते नावानिशी समोर येतं. मास्तरने पडद्यावरचा बाण तिथून शक्य तितका लांब नेला. "काय होतं," तो म्हणाला, "पुष्कळदा याच मशीनवर दुसरा कुठला तरी प्लेअर उघडा राहिलेला असतो. दिसत नाही, पण मागे असतो." हे खरं होतं. त्याने उघड्या असलेल्या खिडक्या एकेक करून बंद केल्या. "आता बघा." बाईंनी फाइलवर दोनदा टिचकी मारली. फाइल दुसरीकडे उघडी आहे. "कधीकधी खिडकी बंद केली तरी प्रोग्रॅम मरत नाही, आत धुगधुगत राहतो." हेही खरं होतं. त्याने चालू प्रोग्रॅमांची यादी काढली, एक अर्धमेला प्लेअर शोधला, त्याला निकालात काढलं. "आता?" फाइल दुसरीकडे उघडी आहे. मग त्याने व्हायरस तपासणाऱ्या प्रोग्रॅमवर आळ घेतला. मग फोल्डरच्या कडेला छोटं चित्र दाखवणाऱ्या खिडकीवर. प्रत्येक गोष्ट खरी, प्रत्येक उपाय बरोबर, आणि एकाचाही काडीचा उपयोग नाही हे त्याला पक्कं माहीत. इतकी वर्षं लोकांच्या न वाजणाऱ्या फाइली वाजवून दिल्या, पण इतकं मन लावून कुठली फाइल न वाजवायचं काम त्याने कधी केलं नव्हतं. बाई शेजारी बसून बघत होत्या. त्यांच्या स्कार्फला औषधाचा किंचित वास येत होता. एवढ्या जवळ त्या कधीच बसल्या नव्हत्या. मध्ये काच असायची. साहेब जाता जाता डोकावले. "काय, भरली का शाळा?" ते म्हणाले, आणि बाईंचा गळा आठवून उगाचच गोरेमोरे झाले. बाईंनी त्यांना जीभ काढून दाखवली.

मास्तरने मशीन बंद करून पुन्हा चालू करायला लावलं. ते जुनं धूड सावकाश उठत होतं, आणि तो काळ्या पडद्यातल्या दोघांच्या सावल्या पाहत बसला. आत जावं, मुकाट्याने फाइल बंद करावी, परत यावं, आणि म्हणावं, हं, आता बघा. किती सोपं होतं! पण बाई काही खुळ्या नव्हत्या. या माणसाने खोलीत जाऊन यायचं आणि फाइलने सुटायचं, यातला अर्थ त्यांनी तिथल्या तिथे ओळखला असता. आणि ओळखला तर? तो स्वतःशी मोजूनमापून विचार करायला लागला. रोज ऐकतो हा माणूस. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी हेडफोन लावतो. कुणाच्या हसण्याचा असा हिशेबाबाहेरचा साठा करून ठेवणं चांगलं की वाईट, तेही त्याला ठरवता येत नव्हतं. एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात आली होती आणि तिची त्याला लाज वाटे: फाइलमध्ये ती 'ती' असायची. ती हसते, ती श्वास घेते, ती म्हणते थांबा हो जरा. समोर असल्या की त्या 'त्या'. या 'ती'पासून 'त्यां'पर्यंतची वाट त्याला कधी चालताच आली नव्हती.

त्या आजारी पडल्या तेव्हा सगळे मिळून दवाखान्यात गेले होते. घशात गाठ निघाली होती, ती काढली, आणि आवाज परत येईल की नाही ते डॉक्टर सांगत नव्हते. बोलायची बंदी होती. बाईंच्या उशाशी लहान मुलांची पाटी होती. साहेबांनी फुलं दिली, सगळ्यांनी आळीपाळीने काळजी घ्या म्हटलं, आणि मास्तर पलंगाच्या पायथ्याशी खांबासारखा उभा राहिला. बाईंनी पाटीवर लिहिलं आणि त्याच्याकडे वळवलं: 'मास्तर, पुन्हा म्हणू?' सगळे हसले. तोही हसला. बाहेर आल्यावर जिन्यात त्याला भिंतीला धरून उभं राहावं लागलं. त्यानंतर त्याने कितीदा तरी फोन हातात घेतला. नंबर काढायचा, त्याच्याकडे बघायचं. पण ज्या माणसाला बोलता येत नाही त्याला फोन करून करायचं काय? तिकडून उत्तर कसं येणार? उगाच त्यांना आवाजाची आठवण करून द्यायची, जखमेवर मीठ चोळायचं. घरी जावं, तर एकटी राहणारी बाई, शेजारीपाजारी काय म्हणतील. असं म्हणता म्हणता आठवडे गेले, महिने गेले. त्याची थोरली बहीण दर रविवारी फोन करायची, तिला त्याने एकदा आडून आडून सांगितलं होतं. ताई फटकळ. "अरे घुम्या," ती म्हणाली होती, "मूग गिळून बसायचं तुझं कधी सुटायचं? जाऊन ये एकदा, नाही तर फोन कर. खाते की काय ती?" "तिला बोलता येत नाही गं," तो म्हणाला. "तुला तरी कुठे येतं?" म्हणून ताईने फोन ठेवून दिला. तो मग फोनऐवजी समोरच्या उंच इमारतीत जायला लागला. तिथल्या लिफ्टमध्ये बाई होत्या. वरपर्यंत जायचं, खालपर्यंत यायचं, त्यांनी बजावल्याप्रमाणे दारापासून दूर उभं राहायचं. पहारेकऱ्याने एकदा हटकलंच, "साहेब, जायचंय कुठे?" "वर," मास्तर म्हणाला. "वर कुणाकडे?"  मास्तर खाली उतरला आणि त्या इमारतीच्या वाटेलाच पुन्हा गेला नाही. मग फाइल उरली. लिफ्टमधला आवाज सगळ्या शहराचा होता. हसणं फक्त त्याच्याकडे होतं. ही चोरी म्हणावी तर चोरी होती, आणि त्याला तिचं सुखही होतं, आणि ऐकून झालं की जे वाटायचं ते सुखाच्या जवळपासही जाणारं नव्हतं. भूक लागलेली असावी आणि जेवणाचा नुसता वास यावा, तसं काहीसं.

मशीन उठलं. बाईंनी टिचकी मारली. फाइल दुसरीकडे उघडी आहे. "खराब झाली असेल," मास्तर म्हणाला. हे मात्र खोटं होतं.  "जुन्या फाइली होतात अशा. आणि रद्दमधलीच तर आहे. चांगल्या सगळ्या मिळाल्यात ना तुम्हाला?"

"म्हणजे गेली?" बाईंनी विचारलं. चेहऱ्यावरचं ते फिरकी घेणारं हसू पुसलं गेलं, आणि त्याखाली किती थकलेली बाई आहे ते मास्तरला पहिल्यांदाच दिसलं. त्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत राहिल्या. बोलताना त्यांना मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. "चांगल्या घेऊन काय करू मास्तर? सगळीकडे मी शहाण्यासारखी बोलतेय. कृपया इकडे व्हा, कृपया तिकडे व्हा. सकाळपासून ऐकतेय, माझीच मला शिसारी आली. घरी माझं रेकॉर्डिंग म्हणून काही नाही. दिवसभर बोलायचं काम, घरी कोण कशाला भरून ठेवेल? भावाची मुलगी विचारत होती, आत्या, तू पूर्वी हसायचीस कशी गं? मला हसून दाखवता येईना." त्यांनी गळ्याला हात लावला. "आता नुसती हवा येते. आवाज गेल्याचं नाही एवढं वाटत. माणसं सवय करून घेतात. पण हसताना आपण कशा होतो तेच मी विसरले. मग आठवलं, लिफ्टच्या दिवशी मी खुळ्यासारखी हसत सुटले होते. तुम्ही ते पुसून टाकलं असणार असंच धरून चालले होते. तर मघाशी ती फाइल दिसली रद्दमध्ये." त्यांनी स्कार्फ सारखा केला. "राहिली कशी कोण जाणे. बघून इतका आनंद झाला मला. जाऊ दे. नशिबात नव्हतं म्हणायचं." त्यांनी पिशवी उचलली. आणि मग काहीतरी सुचल्यासारखं पडद्याकडे बोट करून म्हणाल्या, "ते 'अधिक माहिती' दाबून बघितलंत का?"

 बाण त्या बटणापर्यंत न्यायला काहीच वेळ लागला नसता. पण आपलं नाव यंत्राने सांगावं आणि आपण शेजारी माठासारखं बसावं, हे मास्तरला सहन होईना. "ती खराब नाही झालेली," तो म्हणाला. "ती माझ्याकडे उघडी आहे. आतल्या मशीनवर. मीच ऐकत होतो, आणि बंद करायची राहिली." इतकं लांबलचक वाक्य तो बाईंशी कधी बोलला नव्हता. बाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्या उठून सरळ त्याच्या खोलीकडे चालू लागल्या, आणि तो मागून. खोलीत त्यांनी पिशवी खाली ठेवली, त्याच्या खुर्चीत बसल्या, हेडफोन स्वतःच उचलून लावले. मास्तरने खिडकी वर आणली. फाइल जिथे थांबवली होती ती जागा त्याला पाहावत नव्हती, ती नेमकी हसू फुटायच्या आधीची होती. त्याने चालू केली आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला. हेडफोनमधून बाहेर काही ऐकू येत नव्हतं. बाईंचे खांदे मात्र हलायला लागले. आधी वाटलं हसतायत, मग वाटलं रडतायत, मग नीट पाहिल्यावर कळलं की दोन्ही चाललंय, आणि दोन्हींना आवाज नाही. मास्तरचेही डोळे भरून आले. त्याने ते पुसले नाहीत, कारण बाईंची पाठ होती.

बराच वेळ गेला. त्यांनी हेडफोन काढले, केस नीट केले, नाक पुसलं. "रोज ऐकता?" त्यांनी विचारलं. "रोज," मास्तर म्हणाला. "कधीपासून?" "तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हापासून." बाईंनी मान हलवली. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. "मग मला एक फोन का नाही केलात?" त्यांनी विचारलं. "सबंध वर्ष मी इथेच होते की, दोन रस्ते सोडून. घरात चिटपाखरू नाही. सुरुवातीला सगळ्यांचे फोन यायचे, मग मी बोलू शकत नाही म्हणून सगळ्यांनी बंद केले. एकेक करून. तुम्ही तर केलाच नाहीत."

"तुम्हाला बोलता येत नव्हतं," मास्तर म्हणाला. "म्हटलं, फोन करून काय..."

"माझा घसा गेला होता मास्तर," बाई म्हणाल्या. "कान नाही."

मास्तर म्हणजे आयुष्यभर दुसऱ्याचं ऐकून घ्यायचं काम केलेला माणूस. कुणी आपलं ऐकण्यासाठी बसलं असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिकडून उत्तर कसं येणार याचाच त्याने वर्षभर घोर लावून घेतला. इकडून काय जायचं ते त्याच्याकडे ढिगाने होतं. बाईंनी फाइल बंद केली, ती करताना त्यांचा हात जरा रेंगाळला, मग तिची प्रत स्वतःच काढून घेतली. त्यांना सगळं येत होतं. पिशवी खांद्याला लावली. "येते," त्या म्हणाल्या. "गाडीची वेळ होईल." साहेबांना नमस्कार, बाकीच्यांना हात. दाराबाहेर त्या जिन्याने उतरायला लागल्याचा आवाज खोलीपर्यंत येत होता, सावकाश, कठडा धरून उतरणारी पावलं.

मास्तर उभाच होता. मग त्याने खिशातून फोन काढला. नंबर शोधावा लागला नाही. त्याने तो दाबला. जिन्यात, खालच्या वळणावर, घंटी वाजायला लागली, आणि पावलं थांबली. पिशवीत फोन चाचपडल्याची खुडबुड. घंटी बंद झाली. "हॅलो," मास्तर म्हणाला. "बाई, मी बोलतोय."  फोनमध्ये श्वास ऐकू येत होता, खरखरीत, जिवंत. तो बाहेर कठड्यापाशी जाऊन खाली वाकू शकला असता, पण गेला नाही.

"बोला ना," बाई म्हणाल्या. "मी ऐकतेय."